पांढरं थांबलं

बिश्केक, १४ डिसेंबर १९९४

बुरुल पोरी,

एसेनबेक ड्रायव्हर काल आमच्या फाटकाशी ट्रक लावून ओरडला, "कालिपा एजे, ताई, तोंड गोड करा! भाचीला मुलगी झाली, पाच दिवस झाले!" मी बादली तशीच खाली ठेवली. तोंड गोड करायला घरात दोन उकडलेले बटाटे होते, ते त्याला दिले. तो म्हणाला, एवढ्या मोठ्या बातमीला बटाटे? मी म्हटलं, मुलगी मोठी होईल तेव्हा मेंढा कापू, तोवर गिळ.

तू कॉलेज सोडून लग्न केलंस आणि मी लग्नाला आले नाही. ते आता तू काढू नकोस, मीही काढत नाही. तुझी आई असती तर तुझ्या उशाशी बसली असती. ती नाही, मी आहे, आणि मी खिंडीच्या या बाजूला आहे. म्हणून लिहिते. माझं अक्षर चार इयत्ता शिकलेल्या बाईचं आहे, लागत नसेल तिथे डोकं चालव.

मी इथे बाळंतपणाच्या इस्पितळात तेवीस वर्षं फरशी पुसते. डॉक्टर नाही, नर्स नाही. पण फरशी पुसणारीला सगळं दिसतं. तिच्यासमोर कोणी दार लावत नाही. तेव्हा मी सांगते ते कर, आणि गावातल्या म्हाताऱ्या सांगतात ते करू नकोस.

दर तीन तासांनी पाजायचं. सहा, नऊ, बारा, तीन, सहा, नऊ, आणि रात्री बारा. मग सकाळी सहापर्यंत दूध नाही. मध्ये रडली तर रडू दे, छाती भरते त्याने. फारच ओरडली तर उकळलेल्या पाण्यात साखर घालून चमचाभर. आणि प्रत्येक वेळी पाजण्याआधी स्वतःची छाती साबणाने धुवायची, बोंडं खसखसून, मग फडक्याने कोरडी. गोठ्यातून येणाऱ्या बाईच्या अंगावर काय काय असतं ते मला माहीत आहे, मीही त्याच गोठ्यातून आलेय. एसेनबेकबरोबर कपडे धुवायच्या तपकिरी साबणाच्या दोन वड्या देतेय. दुपटी उकळ, दोन्ही बाजूंनी इस्त्री कर. नाळेला हिरवं औषध. बाळ बघायला येणाऱ्या एकेकीचे हात धुवून घे, तोंड वाकडं केलं तर माझं नाव सांग.

आणि सासूचं नाव काय ते कळव. लग्नाला नव्हते, मग सलाम पाठवायचा तर कोणाला? भिंतीला?

तुझी
कालिपा मावशी


काराबेल, २६ डिसेंबर

मावशी, सलाम.

साबण मिळाला. पत्रही मिळालं. पत्र आलं की सासूबाई हातातलं काम ठेवून समोर बसतात आणि म्हणतात, वाच. त्यांना वाचता येत नाही. म्हणून तुमचं पत्र मी मोठ्याने वाचते, मध्ये मध्ये अडते. त्या दिवसभरात दहा शब्द बोलतात, त्यातले सहा गाईशी.

त्यांचं नाव मी कसं लिहू, मावशी? सुनेने तोंडाने घ्यायचं नाही तसं कागदावरही घ्यायचं नाही. तुम्हीच ओळखा. बाळाच्या तोंडात सगळ्यांत आधी जे जातं ते त्यांच्या नावात आहे.

बाळ आलं त्या दिवशी शेजारच्या आजींनी रीतीप्रमाणे तिच्या जिभेवर कढवलेलं लोणी लावलं. मुलीचं नाव जिपार ठेवलंय. केस खूप आहेत. हे मेंढ्या घेऊन हिवाळी तळावर गेलेत, मार्चच्या आधी येणार नाहीत. घरात आम्ही तिघीच.

तुम्ही लिहिलंत तसं सगळं करतेय. सासऱ्यांचं घड्याळ भिंतीवरून काढून पाळण्याशेजारी ठेवलंय. काल जिपार अकरालाच रडायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "घे की तिला." मी म्हटलं, "बाराला. मावशींनी लिहिलंय." त्या उठून गोठ्यात गेल्या. तुम्ही शहरातल्या, इस्पितळातल्या, म्हणून तुमच्या शब्दापुढे त्या बोलत नाहीत. एक तास मोठा असतो, मावशी. मी घड्याळाकडे बघत बसले आणि ती माझ्याकडे बघत रडत राहिली.

पत्र लवकर पाठवा. एसेनबेक आठ-दहा दिवसांनी येतो, तेवढंच कोणीतरी येतं.

तुमची
बुरुल


बिश्केक, ६ जानेवारी १९९५

बुरुल,

लोणी! आठ दिवस डब्यात पडलेलं, सतरा बोटं बुडवलेलं लोणी तासाभराच्या पोराच्या जिभेवर! तू समोर होतीस ना? हात धरता आला नाही? मी तुला वाढवताना भित्री वाढवली नव्हती. आता झालं ते झालं, पण पुढे लोणी, मध, कोणाची थुंकी, काही म्हणजे काही तिच्या तोंडात जाता कामा नये.

तर तुझी सासू लोणीबाई. बरं. लोणीबाईंना माझा सलाम सांग, आणि सांग की नाव चांगलं आहे पण डब्यातच बरं.

अकराला घेतली नाहीस ते उत्तम केलंस. अशीच राहा. एकदा नमलीस की पोर डोक्यावर बसतं. आमच्याकडे पोरांना ट्रॉलीवर रांगेने मांडून आणतात, बांधलेली, पावांसारखी, आणि वीस मिनिटांनी परत नेतात. मी ट्रॉलीची चाकं पुसते. कोणी मेलेलं नाही त्याने.

माझं विचारशील तर बरं आहे. गुडघा दुखतो. वसतिगृहात आमच्या मजल्यावर आठ खोल्या होत्या, आता दोन उरल्यात, त्यातली एक माझी आणि एक बहिऱ्या म्हाताऱ्याची. रशियन बायका गेल्या आपापल्या गावी. शेजारची वाल्या गेली ती तिची जिरेनियमची कुंडी माझ्या दाराशी ठेवून. नवीन वर्षाला मी चहाचे दोन कप मांडले. मग एक परत ठेवला. कुंडीला काय चहा पाजणार?

बाहेर नुसता बर्फ. फाटकापासून दारापर्यंत मलाच उपसावा लागतो.

मावशी


काराबेल, १९ जानेवारी

मावशी, सलाम.

मी लोणीबाई वाचलं तेव्हा सासूबाईंनी ओठ दाबले. हसू होतं की राग, कळलं नाही. मावशी, तुम्ही चुकीचं ओळखलंत. पण खरं ते मी सांगणार कसं? राहू दे.

इथलं पांढरं दिवसेंदिवस कमी होत चाललंय. आधी इतकं पडायचं की कपडे भिजायचे, दिवसातून दोनदा बदलावे लागायचे. मग कमी होत गेलं. सोमवारपासून थांबल्यासारखंच आहे. मी बघत बसते आणि रडू येतं. सासूबाई म्हणतात, वरच्याची मर्जी. म्हणतात, एकदा थांबलं की कोणाच्या हातात नसतं.

साबणाने कातडी फाटलीय, रक्तही येतं. पण मी धुते, तुम्ही सांगितलंत तसं, एकही वेळ चुकवलेली नाही. दुसरी वडी संपत आली.

जिपार आता फारशी रडत नाही. शांत झालीय. पाळण्यात बांधून ठेवली की तासन् तास तशीच पडून असते, घड्याळ पाळते.

यांचा काही निरोप नाही. खिडकीतून गोठा दिसतो, गोठ्यापलीकडे काही दिसत नाही.

बुरुल


बिश्केक, २९ जानेवारी

बुरुल,

बर्फ थांबला म्हणून रडतेस? लोक थांबावा म्हणून रडतात! खिंड मोकळी होईल, जावई लवकर येईल, कपडे भिजायचे थांबले, इस्त्री वाचली. बाळंतिणीला उगाच रडू येतं, मला माहीत आहे. गरम शोरबा पी आणि डोळे पूस.

हातांना मेंढीची चरबी लाव, भेगा बुजतील. माझेही हात असेच आहेत, सोडा आणि थंड पाणी. पण साबण सोडायचा नाही, तिसरी वडी पाठवतेय.

जिपार शांत झाली ना? घड्याळ पाळते ना? मी काय सांगत होते! लोणीबाईंना सांग, शहरातली माणसंही कधी कधी खरं बोलतात.

इथे एक नवा तमाशा चाललाय. दामीरा डॉक्टर कुठूनसं नवं शिकून आलीय आणि वरच्या हॉलमध्ये नर्सांना शिकवते. नर्सा दांड्या मारतात. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, म्हणून मला म्हणाली, "कालिपा एजे, बसा, पोछा काही पळून जात नाही." बसले. अजून दोनच दिवस झालेत, हातात कापडाची बाहुली घेऊन काहीबाही दाखवते. मला उबेत झोप लागली. पुढच्या आठवड्यात उरलेलं आहे.

मावशी


काराबेल, ८ फेब्रुवारी

मावशी,

मी बर्फाचं लिहिलं नव्हतं. बर्फ छपरापर्यंत आहे.

गाईचं, पाणी घालून, चमच्याने देतो, ते पोटात राहत नाही. काल सासूबाईंनी मौलवींना बोलावून बाळाचं नाव बदललं. आता जिपार म्हणायचं नाही. आता ती तोक्तोबूबू.

तुमचं पत्र वाचून दाखवलं. ऐकून त्या गोठ्यात गेल्या.

एसेनबेक घाई करतोय. जास्त लिहीत नाही.

बुरुल


खिंडीखालचा चहाचा ठेला, १७ फेब्रुवारी

बुरुल, आणि सुतबूबू बाई,

हे पत्र दोघींना आहे. बुरुल, मोठ्याने वाच. एक शब्दही गाळू नकोस. अडलीस तर परत वाच.

तुझं पत्र मी जिन्यावर उघडलं. तोक्तो. म्हणजे थांब, जाऊ नकोस. ज्या घरात पोरं राहत नाहीत त्या घरात हे नाव ठेवतात, एवढं शहरात राहूनही मी विसरलेले नाही. मग मागची पत्रं काढली आणि पायरीवरच बसले. पांढरं. कपडे भिजायचे. सोमवारपासून थांबलं. अगं, लोणी नव्हतंच ते. सुत! दूध! म्हणजे सुतबूबू! सासूच्या नावात दूध आहे म्हणून पोरीला दूध म्हणता येत नाही, म्हणून ती पांढरं म्हणते. आपल्याकडे कुठल्याही शेंबड्या पोराला हे कळलं असतं. मला कळला बर्फ. मी कित्येक वर्षं फाटकापासून दारापर्यंत तेवढंच पांढरं बघतेय.

आता दुसरं ऐका, हे जास्त वाईट आहे. दूध वरच्याच्या मर्जीने थांबलेलं नाही. माझ्या मर्जीने थांबलंय. चूक सुनेची नाही, सुतबूबू बाई, तुमची तर नाहीच. तुम्ही अकराला म्हणालात घे की तिला, तेच बरोबर होतं.

दामीरा डॉक्टर तिसऱ्या दिवशी म्हणाली, छातीला साबण लावायचा नाही. मी मागून ओरडले, "तेवीस वर्षं लावतात इथे!" ती म्हणाली, "हो, आणि तेवीस वर्षं फाटतात." सगळ्या हसल्या. मग म्हणाली, दूध घड्याळ बघून बनत नाही. पोर जेवढं ओढतं तेवढं बनतं. ओढू दिलं नाही, साखरपाण्याने पोट फसवलं, की आईच्या अंगाला वाटतं इथे कोणाला भूकच नाही. आणि भुकेलं पोर आधी रडतं, मग दमतं, मग शांत होतं. शांत होतं म्हणाली आणि मला तुझं पत्र आठवलं नाही. अजून मला बर्फच दिसत होता. तोक्तो वाचल्यावर आठवलं.

म्हणून आता हे करायचं, आजपासून, आत्तापासून. साबण हातांना, तुझ्या आणि बाईंच्या, गोठ्यातून आलं की, फडकी बदलली की, प्रत्येक वेळी. पण छातीला साबण अजिबात नाही. भेगेला स्वतःच्याच दुधाचा थेंब लावायचा आणि वाळू द्यायचा. साखरपाणी बंद. पोरीला पाळण्यातून सोड. बांधलेली राहते, शू पाळण्याला लावलेल्या नळीतून खाली भांड्यात जाते, किती गेली कोणाला कळत नाही. सोडलीस की फडकी मोज. दिवसाला सहा ओली हवीत. उघड्या अंगाने उघड्या छातीवर घे, वरून रजई. तिचं पोट तुझ्या पोटाला लागलं पाहिजे. तोंड मोठं उघडेपर्यंत थांब, मग काळा भाग सगळा तोंडात गेला पाहिजे, नुसतं बोंड नाही, नुसतं बोंड चावल्यानेच फाटतं. मागेल तेव्हा द्यायचं, रात्रीसुद्धा, नाही मागितलं तरी उठवून द्यायचं. दूध दिसत नसलं तरी ओढू दे. गाईचं लगेच तोडू नकोस. आधी छाती, मग उरलेली भूक वाटीचमच्याने, दूध आणि भांडी दोन्ही नीट उकळून. आणि दवाखान्याच्या बाईला आजच बोलाव. पोर ढिली पडली, ओढेना झाली, तर वाट बघू नका, घोडा काढा.

आता जे कोणाला सांगितलेलं नाही ते. १९७१ साली मी त्याच इमारतीत बाळंत झाले. मुलगी. ट्रॉलीवरून आणायचे, वीस मिनिटं. पाचव्या दिवशी दूध आटलं. नर्स म्हणाली, तुझं दूध निळं आहे, पातळ, त्यात दम नाही. मी मानलं. बाटली धरली. उन्हाळा होता, जुलाब लागले. चार महिन्यांची होती. तुझ्या आईला एवढंच माहीत होतं की पोर गेलं. नवरा त्याच थंडीत निघून गेला. मी तिथेच फरशी पुसायला लागले, कारण मला वाटायचं माझ्याच हातून स्वच्छता कमी पडली. तेवीस वर्षं मी त्या इमारतीतला प्रत्येक कोपरा घासलाय. आणि परवा त्या बाहुलीवाल्या बाईने सांगितलं की निळं, पातळ दूध असं काही नसतंच. सगळ्यांचं दूध असंच दिसतं. मी पोछ्याच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

रजा मिळाली नाही, तरी निघाले. एसेनबेकच्या शेजारी बसून इथवर आले. इथे अडवलं. वर बर्फाचे कडे कोसळतात, कोळशाचे ट्रक फक्त सोडतात, ट्रकमागे एक माणूस. मी भांडले. मी म्हटलं मीच चालवते ट्रक. पहारेकरी म्हणाला, आजी, तुम्हाला ब्रेक कुठला ते माहीत आहे का? नाही माहीत. म्हणून हे पत्र जातंय आणि मी इथून परत जाणार.

बुरुल, वाचलंस का सगळं? दूध म्हणालीस का?

कालिपा


काराबेल, २ मार्च

मावशी, सलाम.

तुमचं पत्र आलं तेव्हा सासूबाई लोकर पिंजत होत्या. म्हणाल्या, वाच. मी वाचलं, "बुरुल, आणि..." आणि थांबले.

"आणि कोण?"

"तुम्ही."

"नाव लिहिलंय?"

"हो."

"मग वाच की."

मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "एसेनबेक सांगत होता, तिकडची बाई खिंडीपर्यंत आली, आणि तू पहिल्या ओळीला अडलीस!" मी पुढे वाचायला गेले तर तिथे तो शब्द. पुढच्या ओळीत परत तो शब्द. याआधीच्या पत्रांत तो आला की मी "ते" म्हणून वाचायची. ते सहापर्यंत नाही, ते बाराला. या पत्रात इतक्या वेळा होता की सगळं पत्रच "ते ते ते" झालं, आणि सासूबाई ओरडल्या. त्या ओरडतात हे मला माहीतच नव्हतं.

"ते काय, ते? दूध! दूध म्हण! माझंच नाव आहे, मी देते तुला. म्हण!"

"लाज वाटते, आई."

"माझी दोन गेली," त्या म्हणाल्या, "तेव्हा मीही अशीच शहाण्यासारखी गप्प होते."

मग मी म्हटलं. एकदा म्हटलं, मग परत म्हटलं. गोठ्यातली गाय हंबरली. सासूबाई म्हणाल्या, "बघ, तिने पण ओ दिली." आणि मग त्या रडल्या, मावशी, पिंजलेल्या लोकरीत तोंड घालून. मग उठल्या, हात धुतले आणि पाळण्याचे पट्टे स्वतः सोडले.

पहिले चार दिवस काही नव्हतं. ती ओढायची, दमायची, चिडायची. आम्ही दोघी चुलीजवळ एका रजईत. सासूबाई शोरबा आणून तोंडाला लावायच्या, माझे हात मोकळे नव्हते. दवाखान्याची बाई घोड्यावरून आली, तिने वजन केलं, जुलाबाचं औषध दिलं, म्हणाली, ओढतेय ना, मग चालू ठेवा, मी परत येते. शेजारच्या आजी लोण्याचा डबा घेऊन आल्या तर सासूबाई दारातच उभ्या राहिल्या, पाण्याचा तांब्या आणि तुमची तिसरी वडी घेऊन. म्हणाल्या, "आधी हात. आणि डबा बाहेर." आजी म्हणाल्या, "सुतबूबू, तू पण शहरातली झालीस काय!"

पाचव्या दिवशी माझा सदरा भिजला. थोडासाच, तळहाताएवढा. सासूबाईंनी तो धुतला नाही. चुलीवरच्या दोरीवर टांगला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

काल पाच फडकी ओली. आज सकाळपासून तीन झाली. गाईचं आता दिवसातून एकदाच लागतं. बाळ रडतं, मावशी, काय मोठ्याने रडतं! घड्याळ परत भिंतीवर गेलं. नाव मात्र तोक्तोच राहू दे म्हणतात, एकदा सांगितलेलं मागे घ्यायचं नाही.

तुमच्या मुलीचं मी वाचलं तेव्हा सासूबाईंनी मला थांबवलं. ते परत वाच म्हणाल्या. परत वाचलं. मग बराच वेळ लोकर पिंजत राहिल्या. निजताना म्हणाल्या, "तिचं नाव लिहिलेलं नाही. विचार तिला."

म्हणून विचारतेय, मावशी. काय होतं नाव?

तुमची
बुरुल


बिश्केक, १४ मार्च

बुरुल,

फडकी सहा झाली की कळव. सातवं ओलं झालं तरी कळव. भेगा बुजल्या का ते लिहिलेलं नाहीस, लिही.

आमच्याकडे ट्रॉली काढली. पोरं आता आयांच्या कुशीतच ठेवतात. खोल्यांत चोवीस तास कालवा असतो. नर्सा कुरकुरतात. माझं एक काम कमी झालं, चाकं पुसायची राहिली नाहीत. ट्रॉली मागच्या अंगणात बर्फात पडलीय.

दामीरा डॉक्टर विचारत होती, कालिपा एजे, बायकांना दोन शब्द सांगाल का, तुमचं ऐकतील. मी म्हटलं, मला चार इयत्ता येतात. म्हणाली, चार पुरेत. बघू.

तू विचारलंस ते. तेव्हा घरात नवऱ्याने सांगितलं होतं, गेलेल्याचं नाव घेऊ नये, मागे वळून बघतं. मी घेतलं नाही. मग तो गेला, आणि घेऊ नको म्हणणारा कोणी राहिला नाही, तरी घेतलं नाही. सवय लागली. तुला सासूच्या नावाची लागली होती तशीच.

परवा खोलीत म्हणून बघितलं. मोठ्याने. बहिऱ्या म्हाताऱ्याला काय ऐकू जाणार, आणि कुंडी काय ओ देणार. आवाज भिंतीला लागून परत आला. माणसाच्या तोंडून यावं असं वाटतं.

तेव्हा हे पत्र आलं की सुतबूबू बाईंना समोर बसव, पोरीला अंगावर घे आणि शेवटची ओळ मोठ्याने वाच. अडू नकोस.

माझी मुलगी, नुरीपा.